खानाच्या मायचा करा

आधीच सांगते, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. नववीतच शाळा सुटली माझी, आन मोबाईलवर एका बोटानं टाइप करते... हे लिवाले दुपारपासून बसली. पण आज लिवल्याशिवाय ऱ्हावत नाही.

आज अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या कारंज्याकडं या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचे लहान मडके भरून मांडतात, त्याले करा म्हणतात. मंग एकेका पित्तराच्या नावानं कोणाले तरी जेवाले बलावतात, तो ते पाणी पेतो... म्हणजे गेलेल्याची तहान भागते.

दरसाली हे सारं आई करते. औंदा तिचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पयल्यांदा माझ्याकडं आलं. आजोबा, आजी, पणजोबा, पणजी... आठवून आठवून करे मांडले, वर पळसाच्या पानाचे द्रोण झाकले. लय नीट झालं असं वाटलं मले.

मंग रहीम आजा आले. ते आमच्या नात्यातले नाहीत, बसस्टँडमागं त्यांचं गाद्यांचं दुकान हाय. पण दर अखाजीले आमच्याकडंच जेवतात. काहून, ते मी कधी इचारलं नाही. पाहुण्यापुढं माझं तोंडच उघडत नाही, ताट ठेवते आन पळते.

आज ते पाटावर बसलेच नाहीत. मडक्यांकडं पाहत राह्यले. मंग म्हणे, "बेटा, सारे दिसून राह्यले... माही दादी कुठी हाय?"

मले काई समजेना. आई सैपाकघरातूनच ओरडली, "अवो माय! खानाच्या मायचा करा राह्यला काय वो!"

लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं. रहीम आजा हसले. "बस इथं. कोनं सांगतलंच नाही तुले, त तुहा काय कसूर?" आन मंग त्यांनी सांगतलं...

त्यांचे वडील अफगाणिस्तानातले. कारंज्याच्या जिनावर, म्हणजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्यावर, राखणदार होते. सारे त्यांले खानच म्हणत. राहाले आमच्या गोठ्यामागच्या खोलीत, आन भाकर माझ्या पणजीच्या हातची.

एका अखाजीले पणजीनं खानाच्या मायच्या नावानंही करा मांडला. इतक्या वर्षांत मायचा एक सांगावा नाही, नाव काढलं का गड्याचे डोळे भरतात... पणजीनं धरूनच घेतलं का माय गेली असन.

खान जेवाले आले. "ये किसका, माई?"

"तुह्या मायचा, बाबा."

"माई! मेरी माँ तो जिंदा है!"

पणजीनं कपाळावर हात मारला. जित्या माणसाचा करा! पणजोबा म्हणे, "घे! आता त्या बुढीले खाऊन बसली तू!" पणजी रडाले लागली. खानानं मडकं उचललं, सारं पाणी पेलं आन म्हणाले, "रो मत माई. माँ को प्यास लगी होगी."

त्याच पावसाळ्यात खानाचा भाऊ मुलुखातून त्यांले शोधत शोधत आला. म्हणे, माय हिवाळ्यातच गेली...

हिवाळ्यात. म्हणजे अखाजीच्या आधी. पणजीचा करा बरोबरच होता...

भाऊ त्यांले न्यायले आला होता. तिकडं घर होतं, जर्दाळूचे झाडं होते. आन काळ असा, का देश नुकताच आझाद झाला होता. कचेरीतला साहेबही खानाले म्हणून राह्यला, इथला व्हायचं असन त तसं सांग, नाहीतर आपल्या मुलुखात जाय, मधात लटकू नको.

इथं खानाले ना जमीन, ना बायको, ना रक्ताचं कोणी. पणजी तर सोताच म्हणे, "जाय बाबा. मायचं घर हाय ते."

शेवटी निघाले. मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीत गाठोडं ठेवलं, पणजीनं बांधून देल्लेल्या दशम्या ठेवल्या. गाडी सुटाच्या आधी भावाले इचारलं, शेवटी मायच्या तोंडात पाणी कोणी घातलं? भावानं मान खाली घातली. बरफ होता, रस्ते बंद होते, आमी कोणीच पोचलो नाही...

खान खाली उतरले.

भाऊ खिडकीतून ओरडून राह्यला, "एका मडक्यापायी मुलुख सोडतं काय रे, पागल!" खान म्हणाले, "मिट्टी उधर मिली उसको. पानी इधर मिला." दशम्या भावाच्या हाती देल्ल्या, गाठोडं खांद्यावर मारलं आन टेसनावरून पायी सिद्दे आमच्या घरी.

पणजी गोठ्यात शेण काढून राह्यली होती. वर पाह्यलंही नाही म्हणे. "आला? तुही भाकर नाही टाकली मी आज."

दुसऱ्या दिवशी खान कचेरीत जाऊन सांगून आले, मी इथलाच. मंग गावातल्याच एका पिंजाऱ्याच्या पोरीसंग निकाह झाला. "अब्बा डब्यातून उतरले नसते, त हे थोबाड तुले कुठी दिसलं असतं?" असं म्हणून रहीम आजा हसले, पण डोळे पुसून राह्यले होते.

मी उठली. करा भरला, त्यात वाळा टाकला, गव्हावर मांडला. रहीम आजांनी तो दोनी हातानं उचलला आन थेंबही ठेवला नाही.

जिले आमच्यातल्या कोणी पाह्यलं नाही, जिचं नावही आमच्या घरात कोणाले माहीत नाही, तिची तहान आमच्याकडं भागते... मी त पाहतच राह्यली. पणजी, तू चुकली नव्हती वो. पुढच्या अखाजीले आईचा हात बरा असला तरी हा करा मीच भरीन.

आन हो, आमची भुरी बकरी आत्ताच व्याली. दोन पिल्लं, दोनी पाठीच, म्हणजे माद्या!