मसुराची हलकी पोती

कचेरीत तिला सगळे मसूरताई म्हणत. आयात विभागातला कडधान्यांचा तक्ता तिच्याकडे होता. उत्तरेच्या बंदरात यंदा किती मसूर उतरला, दक्षिणेच्या बंदरात किती, आणि मागल्या वर्षांशी ताडून पाहिलं तर फरक किती. सत्तावीस वर्षं हेच काम. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. भाऊ परदेशी. रविवारी फोन करायचा, "ताई, बरी आहेस ना?" विचारायचा, आणि ती तोंड उघडेपर्यंत मुलांवर ओरडायला लागायचा.

तिच्या तक्त्यातली एक गोष्ट गाजलेली होती. पंधरा वर्षांपूर्वी दक्षिणेची आयात एकाएकी दुप्पट झाली. उत्तरेची होती तिथेच राहिली. विद्वानांनी त्यावर पानंच्या पानं भरली. दक्षिणेकडच्या लोकांची म्हणे चवच बदलली.

मग जुन्या फायली संगणकावर चढवायचा हुकूम निघाला. एका फायलीच्या तळाशी टाचलेलं पत्र तिच्या हाती लागलं. दक्षिण बंदराच्या गोदामात वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसानं लिहिलं होतं, "यंदापासून पोतं शंभर किलोचं येत नाही, पन्नासचं येतं. आम्ही फक्त पोती मोजून कळवतो. तुम्ही शंभरानं गुणत असाल तर चुकेल."

खाली कोपऱ्यात शेरा होता: 'पाहिले'. आणि सही तिचीच. तारीख आईला दवाखान्यात नेलं त्या आठवड्यातली.

त्या दिवशी ती डबा उघडायलाही विसरली. सगळी वर्षं नव्यानं मांडली. दोन्ही बंदरांचे आकडे जवळजवळ सारखे निघाले. कुणाची चव बदललीच नव्हती.

साहेब म्हणाले, "अहो, पंधरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे साहेब. उघडू द्या."

शनिवारी सुट्टी टाकून ती बसनं दक्षिणेला गेली. पत्र लिहिणारा काटेवाला निवृत्त होऊन बंदरामागच्या चाळवजा घरांत एकटाच राहत होता. दार उघडून त्यानं तिला नीट न्याहाळलं. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमचं पत्र आलं होतं. पोत्यांचं. मी न वाचताच सही केली. चूक माझी आहे."

म्हातारा खुर्चीवरचे कपडे उचलत म्हणाला, "बसा आधी. पोतं हलकं झालेलं हमालांच्या पाठीला पहिल्यांदा कळलं, मग मला. कचेरीला कळायला पंधरा वर्षं म्हणजे फार नाहीत." तो हसला. मग म्हणाला, "दोन पत्रं टाकली होती. तिसरं नाही टाकलं. भिंतीशी माणूस किती बोलणार?"

त्यानं चहा ठेवला. दुसरा कप सापडेना म्हणून स्वतः पेल्यात घेतला. ती शेवटच्या बसपर्यंत थांबली. आईच्या आजारपणाबद्दल ती कधीच कुणाशी बोलली नव्हती, ते सगळं त्याला सांगून बसली.

दुरुस्त तक्ता छापून आला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ, बस्स. कुणी रागावलं नाही, कुणी विचारलंही नाही. तिनं एक प्रत काट्यावरच्या काकांना पाठवली. पुढे दोनदा जाऊनही आली. काका तक्त्यावर बोट ठेवून विचारायचे, "यंदा कोण पुढे?" आणि ती सांगायची, "दोघं बरोबरीत."

त्यापुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "मुलगी येऊन घेऊन गेली त्यांना. कुठे ते नाही माहीत. तुम्ही कोण त्यांच्या?"

"कचेरीतली," ती म्हणाली, आणि बसथांब्याकडे निघाली. बसला अजून दोन तास होते.