तिच्या निबंधाची पक्की प्रत

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बायको जाऊन चार महिने झाले. लढाईच्या दिवसांतली माझी एक चूक रोज आठवते, ती लिहून टाकतो.

तेव्हा आम्ही भिंगारला राहायचो. मी लष्करी कारखान्यात पेट्यांवर पत्ते रंगवायचो, म्हणून अक्षर घोटीव. ती नगरला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जायची. शेवटचा निबंध पास झाला की शाळा मिळणार होती. विषय होता, लहान पोरांना मोजायला कसं शिकवावं. कच्चं लिहून झालं आणि ती तापानं पडली.

"पक्की प्रत तुमी करा," म्हणाली, "हाय तसंच उतरवा."

मी तसं केलं नाही. तिच्या कच्च्या प्रतीत जागोजागी अमक्या पुस्तकात असं म्हटलंय, तमक्यात तसं, आणि त्या वाक्यांच्या दोन्ही टोकांना माशीच्या पायांसारख्या खुणा. मला वाटलं, ट्रेनिंगच्या बाई म्हणतील, हिचं स्वतःचं काय? नावं गाळली, खुणा गाळल्या, वाक्यं ठेवली. तिनं न वाचताच सही केली.

आठवड्यानं बाईंनी तिला बोलावलं. मी सोबत गेलो, दाराशी उभा राहिलो. बाईंनी निबंधाशेजारी पुस्तक उघडून ठेवलं.

"ही चोरी आहे. पोरांना हेच शिकवणार का?"

तिनं प्रत उलटून पाहिली. मग म्हणाली, "सही माझी आहे, बाई."

मला राहवेना. "खुणा मी खाल्ल्या. तिनं न्हाई."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपण?" बाईंनी पुस्तक मिटलं आणि तिला म्हणाल्या, "काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग."

"पुस्तक म्हणतं, आधी वस्तू हातात द्या, आकडा मागून. मी म्हणते, आमच्या गल्लीतली पोरं गोट्या मोजताना चुकत नाहीत, पाटीवर चुकतात. गोट्यांपासून सुरू करावं."

"मग असंच लिही. त्यांचे शब्द खुणांत. तुझ्या शब्दांत सांगितलंस तरी विचार त्यांचा, नाव त्यांचंच. गोट्या तुझ्या. उद्या आण."

परतताना तिनं प्रत घडी करून पिशवीत घातली. मग म्हणाली, "अहो, ती नावं काढलीत. माझं तेवढं कमी वाटलं व्हय तुमाला?"

"चल, ऊन लई हाय," मी म्हणालो.

ती पास झाली. पुढं तीस वर्षं शिकवलं. तो प्रश्न तिनं परत विचारला नाही, आणि मीही उत्तर दिलं नाही. आता देतो. व्हय, कमी वाटलं होतं. निबंधातलं तिचं गोट्यांचं मी वाचलंच नव्हतं, नुसतं उतरवलं होतं.