कानाच्या मशीनची मुकी जाहिरात

पन्नाशी उलटली तेव्हा मी नांदेडात कानाच्या मशीनच्या दुकानात काउंटरवर होते. एक दिवस मालक म्हणाले, "ताई, म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर जाहिराती पाठवायच्यात. जमेल?" रोज सकाळी चाळीस गटांत गुलाबाची फुलं पाठवणारी मी. म्हटलं, न जमायला काय झालं! त्याच दिवशी 'डिजिटल मार्केटिंग' म्हणून कार्डं छापून घेतली. कागदाची.

पहिलंच काम लातूरच्या कान तपासणी शिबिराचं. क्लासेसच्या गल्ल्यांत तेव्हा खोलीखोलीला एकेक आजी, नातवंडाला ताजं जेवण करून घालायला येऊन राहिलेली. मालकांनी बजावलं, "शिबिर रिकामं गेलं तर परत काउंटरला." आणि मला तर नुकतीच गरगर फिरणारी खुर्ची मिळाली होती!

मी गडद लिपस्टिक लावली, मान तिरकी केली आणि अगदी पुणेरी थाटात दोन मिनिटं बोलले. तो व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला, असं मोबाईल सांगत होता. नाव नोंदवायला मात्र एकाचाही फोन नाही. शिबिराला आठ दिवस उरले, तशी मी लातूरची बस पकडली.

पहिल्याच खोलीत औशाकडची एक म्हातारी भाकरी थापत होती. मी मोबाईल तिच्यापुढं धरला.

"हाव, पाह्यली की. तूच का ती? नुसतं तोंड हलवून राहिली होतीस. मला वाटलं, पापडाची जाहिरात हाय."

"अहो मावशी, आवाज लावून बघायचं ना!" मी तिच्या कानाशी ओरडले.

"आजी! उद्या टेस्ट हाय माझी!" पडद्याआडून नात कडाडली.

म्हातारीनं मला खाली बसवलं आणि कुजबुजली, "लेकरं अभ्यास करतेत, म्हणून हितं समद्यांचे फोन मुके असतेत. शिट्टी वाजती म्हणून कुकर बी लावत न्हाई आम्ही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राह्यलो, तवा बी इतकं गप नव्हतो."

म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मी दोन मिनिटं ऐकवत होते, तेही मुक्या फोनवर. काय माझी हुशारी!

"आन् शिबिर संध्याकाळी सहाला ठिवलंस, कोण येणार?" तिनं दुसरी चूक पुढं केली. "लेकरं जेवायला येतेत तवा. अकराला ठिव, क्लास भरल्यावर. आन् लिव्ह मोठ्या अक्षरात. तुझं थोबाड काढून टाक, जागा लई खाऊन राहिलंय."

थोबाड काढलं. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं: 'लेकरं क्लासला गेल्यावर, अकरा वाजता. कान तपासून घ्या.' खाली हॉलचा पत्ता. म्हातारीनं ते तिथंच आख्ख्या गल्लीला धाडलं.

शिबिराच्या दिवशी साडेदहालाच हॉल भरला. औशाच्या, उदगीरच्या, बिलोलीच्या आज्या. खोलीत महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं सगळं बोलणं तिथं एकदम बाहेर पडलं. कुणी सुनेवर, कुणी घरमालकावर. तपासणारा डॉक्टर काकुळतीला आला, "आजी, जरा शांत बसा, मशीनमधला आवाज ऐकू यायला पाहिजे."

"घरी शांतच असतो की, बाबा!" औशाची म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या खदखदा हसल्या.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. त्या गलक्यात मला त्यांचा एक शब्द ऐकू येईना. मी मोबाईल उंच धरला आणि त्यांनाच सगळं ऐकू दिलं.