न दिसणारं अक्षर

२००६ साली मोखाड्याला एका संस्थेच्या दवाखान्यात संगणकाचं काम बघायला जयवंती आली. जव्हारच्या एका मास्तरांची मुलगी. आईवडील गेलेले, भाऊ मधु ठाण्याला. भाड्याच्या खोलीत ती एकटी. तिचं काम ज्याला कळेल असं तिथं कुणी नव्हतंच.

तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. गावांच्या याद्या वाचून तो दुसऱ्या प्रोग्रामचा मजकूर आपणच लिहून काढी, आणि त्या दुसऱ्यातून आरोग्यकार्डं छापली जात. एकदा यादीच्या सुरुवातीला न दिसणारं कसलंसं चिन्ह शिरलं आणि सगळं अडलं. वैतागून तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: जे दिसत नाही ते गाळून टाक. गाडं पुन्हा चालू लागलं.

पंधरा दिवसांनी खोडाळ्याकडचा एक म्हातारा बायकोला, तानीला, घेऊन दारात उभा राहिला. त्यानं कार्ड पुढं केलं.

"बाई, हा मी नाय."

कार्डावर छापलं होतं, 'सुकर्या'.

"साक्षरतेच्या वर्गात निस्तं नाव शिकलो, सुकऱ्या. तेवढंच वळखतो. ह्ये माजं नाय."

"चालल की," तानी म्हणाली.

"नाय चालत."

जयवंतीनं यादी उघडली. यादीत नाव बरोबर होतं. त्यातला अर्धा र लिहायला तेव्हा एक जोडचिन्ह घालावं लागे, डोळ्याला न दिसणारं. तिच्याच ओळीनं ते गाळलं होतं, म्हणून र रफार होऊन 'या'च्या डोक्यावर जाऊन बसला होता. अशी चाळीस नावं निघाली.

तिनं मधुला फोन केला. "अगं, कोण वाचतंय तिकडं? सोड," तो म्हणाला आणि दुसरंच बोलू लागला.

दोन दिवस ती खपली. ती ओळ खोडली. मराठीचं प्रत्येक अक्षर, दिसणारं आणि न दिसणारं, दुसऱ्या प्रोग्रामच्या मजकुरात त्याच्या ठरलेल्या आकड्यानं लिहायचं असं केलं, म्हणजे काही गळायला नको आणि काही अडायलाही नको. मग चाळीसही कार्डं बरोबर उतरली.

सुकऱ्याचं कार्ड ती जीपनं स्वतः घेऊन गेली. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हा मी."

जयवंती तानीला सगळं सांगत बसली, चिन्ह कसं हरवलं, कसं सापडलं. तानीला त्यातलं काही उमगलं नाही, पण ती उठली नाही.

"मंग येवढं कुनाला सांगितलंस का?" तिनं विचारलं.

"नाही," जयवंती म्हणाली. "तुम्हालाच."