हात मागे

आमच्या घरात स्वतःचा चहा स्वतः करायची पद्धतच नव्हती. आई सगळ्यांचा करायची, आत्या त्याला नावं ठेवायची आणि दादा हातात आलेला बशीत ओतून, फुंकर मारून प्यायचा. निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत हा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. मी लग्न होऊन विरारला फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले, तरी शनिवारी माहेरी आले की पाय पसरून पडवीत बसायची आणि आत हाक मारायची, "आई, चहा!"

दादा माझ्याहून मोठा. चाळिशी उलटलीय, कानापाशी केस पांढरे झालेत, पण जन्मापासून त्याची समज सावकाश चालते. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. आत्याने ते कधीच मनावर घेतलं नाही. "आमच्या घराण्यात सगळेच सावकाश," ती म्हणायची, "याचं तेवढं कागदावर आलं."

दादा रोज बसने एका संस्थेच्या कार्यशाळेत जातो. तिथे त्याच्यासारखेच मोठे मुलगे-मुली केळ्याच्या वेफर्सची पाकिटं भरतात. मागच्या वर्षी त्या संस्थेने जवळच्या वटार गावात एक घर घेतलं. चार जणांनी सोमवार ते शुक्रवार तिथे एकत्र राहायचं, सोबतीला एक मावशी, आणि शनिवार-रविवार आपापल्या घरी. दादाचा जिवलग दोस्त जाणार होता. झालं! दादाने जेवता जेवता जाहीर केलं, "मी पण."

आईचा घास हातातच राहिला. आता खरं तर तिने पेढे वाटायला हवे होते. कारण गेली कित्येक वर्षं तिचं एकच पालुपद होतं, "माझ्यामागे याचं कसं?" लग्नात, बारशात, एवढंच काय, दुसऱ्याच्या घरी दहाव्याला गेली तरी तेच. आता कसं ते कुणीतरी दाखवत होतं, तर बाई म्हणतात, "तिथे याचं अंथरूण कोण घालील?"

संस्थेची अट एवढीच होती, की राहायला येणाऱ्याला सकाळचा आपला चहा आपला करता आला पाहिजे. गॅस पेटवणं, बंद करणं, सगळं एकट्याने. ते शिकवायला संस्थेची एक टीचर दर शनिवारी घरी येणार होती. आली स्कूटरवरून. हेल्मेट काढलं तर आत एक किरकोळ पोरगी. आत्या माझ्या कानात म्हणाली, "हिलाच अजून चहा येतो की नाही बघ."

टीचरने दादाला ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाली, "दादा, पातेलं घ्या." दादाने फळीकडे बघितलं. तेवढ्यात आईने पातेलं काढून दिलं, आत्याने पाणी ओतलं आणि मी लायटर मारला. दादा खुशीत बशी घेऊन बसला.

"छान," टीचर म्हणाली. "तुम्हा तिघींना चहा येतो. आता दादांना शिकवू या?"

अशी चिडले मी! त्या दिवशी तिने नियम घातला, "हात मागे. त्यांनी मागितली तरच मदत." दादाला हा नियम भारी आवडला. घरातल्या तीन बायकांना हुकूम सोडायची संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती. आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलो की तो गरजायचा, "हात मागे!"

हात गेले मागे. पण तोंडं होती ना! "बाळा, जपून", "साखर डावीकडे", "अरे वाफ, वाफ!" टीचरने तोंडंही बंद केली. मग आत्याने डोळ्यांनी साखरेचा डबा दाखवायला सुरुवात केली. दादा हुशार. पातेल्याकडे बघायचं सोडून आत्याच्या तोंडाकडे बघत राहायचा आणि तिच्या भुवया वर गेल्या की चमचा थांबवायचा.

"आत्या," टीचर म्हणाली, "भुवया पण."

आमच्या वाडीच्या बोलीत आत्या त्यावर जे पुटपुटली ते लिहिण्यासारखं नाही. बरं झालं, टीचरला ती बोली येत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी तर टीचरने कमालच केली. आम्हा तिघींना स्वयंपाकघरातच, पण भिंतीकडे तोंड करून उभं केलं. हात मागे, तोंड बंद. माझं वय काय, माझी नोकरी काय, आणि मी भिंतीवरची पाल बघत उभी! शेजारीण कोयता मागायला आली होती, खिडकीतून आम्हाला तशा उभ्या बघून आल्या पावली परत गेली. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की आमच्याकडे कसलंतरी नवीन व्रत सुरू झालंय. दोघी तर त्याचं फळ काय म्हणून विचारून गेल्या.

पण त्या क्षणी हसू कुठलं येतंय! पाठीमागे लायटर वाजला. एकदा, दोनदा, पेटला. डब्याचं झाकण पडलं. मग बराच वेळ काही नाही. मग सूंऽऽ करून आवाज आला आणि जळक्या दुधाचा वास सुटला. उतू गेलं! आई वळणार, तोच मी तिचं मनगट धरलं. खोटं कशाला सांगू, मलाही वळायचंच होतं. आई ओठांतल्या ओठांत देवळातल्या शंकराला नारळ बोलली, आत्या त्याच्यावर वरचढ अभिषेक बोलली.

टक्. गॅसचं बटण बंद झालं.

"उतू गेला," दादा शांतपणे म्हणाला. "पुसतो."

फडकं ओलं केल्याचा, ओटा पुसल्याचा आवाज आला. पुन्हा लायटर, पुन्हा टक्. मग गाळणी, मग कपाचा आवाज, आणि मग आम्हाला ऐकू आला एक लांबलचक भुरका.

"आणि आमचा रे?" आत्याला राहवेना.

"तुमचा तुम्ही करा," दादा म्हणाला.

टीचर ओट्याला टेकून खो खो हसली. आई वळली तेव्हा तिचे गाल ओले होते. "धूर गेला डोळ्यात," म्हणाली. गॅसवर कसला आलाय धूर?

पुढच्या सोमवारी दादा बॅग घेऊन वटारला गेला. आईने फोन केला तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "ते कॅरम खेळतायत, नंतर करा म्हणाले." आत्याने हे सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं. आईला मात्र घर खायला उठलं. चहाला आधण ठेवताना सवयीने एक कप पाणी जास्त घालायची आणि मग तो चहा कुणी प्यायचा यावरून तिचं आणि आत्याचं वाजायचं.

अशातच एका सकाळी आई वाडीत शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. मी रजा टाकून धावले. मग काय, आत्या आणि मी तुटून पडलो तिच्यावर! तोंड मी पुसायची, वेणी आत्या घालायची, भात मी कालवून भरवायची. आई दिवसेंदिवस गप्प होत गेली. घास पुढे केला की तोंड फिरवायची. "खा गं, किती नखरे!" मी ओरडायची. एवढं करतेय, तर हिचं हे असं!

शनिवारी दुपारी दादा बसने घरी आला. बॅग ठेवली आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मी चमचा आईच्या तोंडाशी नेत होते. त्याने बराच वेळ बघितलं.

"आई, हात दुखतो?"

"हो रे बाळा."

"दुसरा?"

"दुसरा? नाही."

दादा माझ्याकडे वळला. "हात मागे."

"अरे शहाण्या," मी भडकले, "हाड मोडलंय तिचं! मदत नको करायला?"

"मागितली तर," दादा म्हणाला.

मी आईकडे बघितलं. म्हटलं, आता ही त्याला समजावेल. पण आईने डावा हात पुढे करून माझ्या हातातून चमचा काढून घेतला.

पहिला घास निम्मा पदरावर सांडला. दुसरा हनुवटीवर. आत्याच्या भुवया कपाळभर चढल्या.

"आत्या, भुवया," दादा म्हणाला.

तो आईच्या बाजूला उभा होता. हात मागे, एका मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट आवळलेला. आईचा चमचा वर आला की याचं तोंड उघडायचं. किती जड जात होतं त्याला ते! पण हात सुटले नाहीत. आईने वाटी संपवली. पदरावरची शितं डाव्या हाताने एकेक वेचून ताटलीत टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू भरवायचीस ना, तेव्हा वाटायचं, संपलं माझं आता."

मी माझे हात मागे घेतले.

मग तिला ठसका लागला. मी अर्धी उठले आणि दादाकडे बघून परत बसले. आईने श्वास घेतला, मान वर करून त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"बाळा," आई म्हणाली, "जरा पाणी देतोस?"

दादाचे हात सुटले. त्याने माठातून पेला भरला, खालून आपल्या शर्टाला पुसला आणि तिच्या डाव्या हातात दिला. आई गटागटा प्यायली. मग तिने रिकामा पेला पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"अजून दे," म्हणाली.