साडूंची लाल रेघ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सरकारी कागदाला दोन बाजू असतात हा शोध अख्ख्या खानदेशात सर्वप्रथम माझ्या साडूंनी लावला. त्याआधी साक्रीतल्या कचेऱ्यांचा समज असा, की कागद एका अंगाने लिहायचा आणि दुसऱ्या अंगावर भजी खायची.

साडू तिथे एका कचेरीत हेडक्लार्क. सगळे त्यांना नाना म्हणत. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पर्यावरण हा शब्द आमच्याकडे फक्त शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत वापरला जाई. नानांनी तो आयुष्यात उच्चारला नाही. ते म्हणत, "माझं गाव पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगरात. लहानपणी रोज बांबूचे ट्रक खाली जाताना बघायचो. कागद करायला. परत काय आलं? परिपत्रकं!" म्हणून दर शनिवारी ते पिशवी घेऊन गुरांचा दवाखाना, वनखातं, शाळाखातं अशी फेरी मारत, पाठकोरे कागद गोळा करत, जुन्या मजकुरावर तिरकी लाल रेघ ओढत आणि ज्याला लागेल त्याला वाटत. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवत. एक पाकीट चार कचेऱ्या इतक्या वेळा फिरलं, की शिपाई त्याला ओळखून "या, बसा" म्हणायचा.

जीपचंही तेच. पूर्वी मंगळवारी चार खात्यांच्या चार जीपा एकाच रस्त्याने पिंपळनेरला जात, आणि चौथीतले साहेब पुढच्या तिघांची धूळ खाऊन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे उतरत. नानांनी सगळ्यांना हातापाया पडून एका जीपमध्ये कोंबलं. डॉक्टरांच्या मांडीवर लशीची बर्फपेटी, रेंजरसाहेबांच्या गुडघ्यांत रोपं, आणि ही रोपं नाकात जातात म्हणून शाळा तपासणाऱ्या साहेबांच्या शिंका. रिकामी जागा तर नानांना बघवतच नसे. एकदा मी धुळ्याहून सहज मेहुणीकडे पाहुणा म्हणून आलो, तर मला चहाही पुरा पिऊ दिला नाही.

"चला, बसा जीपमध्ये. एक जागा फुकट चाललीय."

"पण नाना, मी जाऊन करू काय?"

"काही करू नका. नुसतं बसा. सरकारात चालतं."

म्हणून पुढचा प्रसंग मी या डोळ्यांनी पाहिला. डोंगराकडच्या एका शाळेत तपासणी होती. जीप थांबली आणि आम्ही सगळे थिजलो. पटांगणात उजवीकडे मुलांच्या रांगा, आणि डावीकडे गावची झाडून सगळी गुरं. शिंगांना तेल लावलेलं. मधोमध गुरुजी हार घेऊन उभे.

"गुरुजी, हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आपलाच आदेश, साहेब." गुरुजींनी कागद पुढे केला. एका बाजूला तपासणीचं पत्र: सर्व विद्यार्थी मंगळवारी सकाळी आठला हजर ठेवावेत. पाठीवर गुरांच्या दवाखान्याचं जुनं पत्र: सर्व गुरं मंगळवारी सकाळी आठला हजर ठेवावीत, मारक्या बैलांना वेसण असावी. नाना लाल शाईतही पाणी घालून पुरवत. त्यामुळे पाठीवरची रेघ इतकी फिकट उठली होती, की गुरुजींना दिसलीच नाही. "सरकारी कागद अर्धाच पाळला असता, तर आपणच रागावला असता," गुरुजी म्हणाले.

साहेब बोलायला तोंड उघडतात तोवर एका गाईने त्यांचा हार खाल्ला. डॉक्टरांचे डोळे मात्र पाणावले. पुढच्या गावाची लस मांडीवर होतीच. "बघता काय, धरा!" ते ओरडले. एरवी त्यांना पाहताच गुरं आणि मालक दोघंही डोंगरावर पळत. आज सगळं गाव हजर!

चिडलेल्या साहेबांनी तक्रार केली. वरच्या मोठ्या साहेबांनी नानांना बोलावलं, साक्षीला गुरुजींना आणि मला. "उद्यापासून कोरे कागद, आणि ज्याची त्याची जीप!" ते गरजले. कचेरीत नाना चोख पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी मात्र आईची बोली बाहेर आली. "साहेब, डोंगर बोडका व्हताना मी दखेल शे." मी पाहिलंय. एवढंच म्हणाले.

गुरुजी खाकरले. "साहेब, पोरं तपासून झाली, बैल टोचून झाले, गाडी एकदाच आली. यात चूक कुठली ते सांगा, लिहून घेतो." आणि त्यांनी खिशातून कागद काढला. तोही पाठकोरा!

मोठे साहेब खो खो हसले. "नाना रिटायर होईपर्यंत चालू द्या. पण शाई घट्ट करा!"

चार वर्षं चाललं. निरोपसमारंभाच्या दिवशी कचेरीबाहेर प्रत्येक खात्याची जीप वेगळी उभी होती. बदलून आलेल्या नव्या साहेबांनी जाडजूड, पांढऱ्याशुभ्र कागदावर टाईप केलेलं गौरवपत्र वाचून नानांच्या हाती दिलं. नानांनी त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. सवयीने कागद उलटला. मागे सगळं कोरं. बोटांनी खिशात लाल पेन चाचपलं. डॉक्टर, गुरुजी, रेंजर, आम्ही सगळे खाली बघत होतो. आणि भर सभेत नाना ओरडले:

"अरे, बठ्ठी पाठ कोरी शे! कोनले लागस का?"