कशावरून बाई

आमच्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही त्यांना ‘कशावरून बाई’ म्हणायचो. माहिती प्रणालीच्या विद्यार्थ्यांना त्या विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवायच्या. आज ऊन आहे म्हटलं तरी विचारतील, कशावरून? त्यांच्या यजमानांनी म्हणे, चहा छान झालाय म्हणणं केव्हाच सोडलं होतं.

पीएच.डी.साठी मी नेमकी त्यांच्याच तावडीत सापडले. एका हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टरांची ड्यूटी बदलताना औषधांचे घोळ व्हायचे. मी तिथे एक स्क्रीन बसवली. कुणाला काय दिलं, काय राहिलं, सगळं समोर. घोळ जवळजवळ थांबले. मी हवेत! प्रबंध दिला की कॉलेजातली नोकरी पक्की होती.

“स्क्रीनमुळेच थांबले, कशावरून?” बाई म्हणाल्या. “कागदावरच्या नोंदी आहेतच. थोडे दिवस बंद करून बघ.”

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन आईपाशी बाईंचा यथेच्छ उद्धार केला. आई भाजी निवडत म्हणाली, “बंद करायला घाबरतेस, म्हणजे तुलाच खात्री नाही.” घ्या, हीसुद्धा फितूर!

स्क्रीन बंद केली. घोळ वाढलेच नाहीत. सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून मी बाईंच्या खोलीत जाऊन चक्क रडले. त्यांनी रुमाल पुढे केला. “अगं, आता कुठे संशोधन सुरू झालं. वस्तू चालली एवढ्यावर भागत नाही, का चालली ते सांगता आलं पाहिजे. जा, वॉर्डात उभी राहा.”

उभी राहिले, तेव्हा दिसलं. पूर्वी जाणारी सिस्टर सही करून निघून जायची, येणारी नंतर उगवायची. स्क्रीन वाचायला दोघी एकत्र थांबू लागल्या आणि बोलू लागल्या. आता ती बंद होती, तरी दोघी तिथेच थांबून बोलत होत्या. प्रबंध नव्याने लिहिला: दोघींची गाठ घालून द्या, स्क्रीन नुसतं निमित्त. नोकरी उशिरा मिळाली, पण मिळाली. ती पद्धत हळूहळू सगळ्या वॉर्डांनी उचलली.

गेल्या महिन्यात बाई त्याच हॉस्पिटलात होत्या, न्यूमोनियाने. मी पलंगाशेजारी बसले होते. ड्यूटी बदलली. जाणारी सिस्टर येणारीला म्हणाली, “या आजींना पेनिसिलिन चालत नाही हं. आत्ताच मुलीने फोनवर सांगितलं, फाइलवर चढवायचंय.” येणारीने ट्रेमधलं तेच इंजेक्शन उचलून बाजूला ठेवलं.

माझ्या अंगावर काटा आला. “बाई, ऐकलंत? तेव्हा तुम्ही अडून बसला नसतात, तर या दोघी आज अशा बोलल्या नसत्या. फार उपकार आहेत तुमचे.”

बाईंनी डोळेही उघडले नाहीत. “कशावरून?”

“तुम्ही अजून विचारताय, त्यावरून.”

बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला.